तिच्या नावाचं फोल्डर

पिरंगुटजवळच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळतो. ऑफिसची सगळी कागदपत्रं एका सर्व्हरवर असतात. कुणाला कुठलं फोल्डर उघडता यावं, ते साहेब लोक ठरवतात आणि मी तसं सेटिंग करून देतो.

मागच्या वर्षी स्टोअरमधल्या एका मुलीनं तिच्या मॅनेजरविरुद्ध छळाची तक्रार केली. ती जवळच्या नांदे गावाकडची, बोलायला मोकळी; पण त्या दिवसांत डबा एकटीच खायची. तक्रार समितीच्या प्रमुख मॅडमनी तिचा जबाब स्कॅन करून सर्व्हरवर ठेवला आणि दुपारी मला बोलावलं.

"हे फक्त समितीच्या आम्हा तिघींना दिसलं पाहिजे."

मी पाहिलं. फोल्डर सगळ्यांच्या कॉमन ड्राइव्हवर होतं आणि त्याला नाव दिलं होतं त्या मुलीचंच. वरच्या फोल्डरचे हक्क आतल्यालाही आपोआप लागतात. म्हणजे प्रत्येक मॅनेजरला ते उघडता येत होतं.

"मॅडम, हे सकाळपासून इथंच आहे?"

"हो," त्या म्हणाल्या. मी वरून येणारे हक्क तोडले, तिघींपुरतेच ठेवले, तिचं नाव काढून साधा नंबर टाकला. ज्याला हक्क नाही त्याला फोल्डर दिसूच नये, अशीही सोय केली.

संध्याकाळी तो मॅनेजर माझ्या टेबलापाशी आला. खुर्ची ओढून बसला, घरच्यांची चौकशी केली. मग म्हणाला, "सकाळी एक फोल्डर दिसत होतं. माझ्याच डिपार्टमेंटच्या मुलीचं नाव होतं. आता गायब आहे."

"आपण उघडलं होतं का, सर?"

"उघडलं असतं तर तुझ्याकडे आलो असतो का?" तो हसला. "मला नुसतं वाचायचा ॲक्सेस दे. कोणाला कळणार आहे?"

"समितीनं लेखी दिलं तर देतो."

"तुझं काँट्रॅक्ट संपत आलंय ना रे?" एवढंच म्हणून तो उठला. त्याचं बोलणं होतं तसं लिहून मी मॅडमना पाठवलं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी सर्व्हर रूमच्या दाराशी उभी होती. मॅडमनी तिला आदल्या दिवशीचा घोळ सांगितला होता.

"दादा, माझं ते लिव्हलेलं कुणाकुणाला दिसतंय?"

"समितीच्या तिघींना."

"आन् तुमाला?"

हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. "मनात आणलं तर मला उघडता येतंय," मी म्हणालो. "सर्व्हर माझ्याच हातात हाय. पण उघडलं न्हाई."

ती हळूच म्हणाली, "आयेला बी सांगितलं न्हाई असं त्यात हाय. काल सकाळी कुणी वाचलं आसंल तर?"

"ते आता कळणार न्हाई. कोण उघडतंय त्याची नोंद तवा होत नव्हती."

खोटं बोललो असतो तर तिला थोडा धीर आला असता. ती गेल्यावर मी नोंद चालू केली. ते फोल्डर कुणीही उघडलं, अगदी मी उघडलं तरी मॅडमना मेल जाईल, असं करून ठेवलं आणि तिला जाऊन सांगितलं. "आता बरं हाय," ती म्हणाली, आणि माल मोजायला वळली.

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या बसमध्ये तिच्याबद्दल कुजबुज सुरू झाली. बोलणाऱ्यांना खरंच काही माहीत होतं की नुसत्या वावड्या होत्या, मला सांगता येणार नाही. ती चढली की मागच्या सीटवरचे आवाज बंद व्हायचे. मीही त्याच बसमध्ये असायचो. एकदा मागं वळून म्हणालो, "तिच्यासमोर बोला ना." त्यानंतर माझ्याशीही कुणी फारसं बोलेना.

चौकशीचा निकाल तिच्या बाजूनं लागला. मॅनेजरला काढलं, माझं काँट्रॅक्टही वाढलं. पण ती फार दिवस टिकली नाही. माण गावातल्या एका ऑफिसात तिला काम मिळालं. शेवटच्या दिवशी ती तिचं लॉगिन बंद करून घ्यायला आली. मी ते बंद करेपर्यंत शेजारी उभी राहून बघत होती.

"तितं बी तुमच्यासारखं कुणीतरी आसंल ना? ज्याला समदं दिसतंय?"

"असणारच."

"मग आदी त्यालाच गाठते," ती म्हणाली, आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून माझ्या टेबलावर ठेवलं.