हातावरून उतरलेलं घड्याळ

ते प्रकरण आजही आठवलं की तळहाताला घाम सुटतो. खात्यात उभी हयात गेली. खून पाहिले, दरोडेखोर पकडले, दंगलीत दगड खाल्ले. पण टेबलावर टिकटिकणाऱ्या एका जुन्या घड्याळाने मला जेवढं घाबरवलं, तेवढं कुठल्या गुंडाला जमलं नाही.

तेव्हा माझी नेमणूक अकोले तालुक्यात होती. भंडारदऱ्याच्या अंगाला नुसते डोंगर आणि घळी. सुट्टीला हौशी मंडळी यायची, कुणी वाट चुकायचा, कुणी पाय मुरगाळून घ्यायचा आणि संध्याकाळपर्यंत सापडायचा. त्यामुळे एका रविवारी एक वयस्कर बाई ठाण्यात येऊन म्हणाल्या, "आमचे हे काल सकाळी डोंगरात गेले ते परतलेच नाहीत," तेव्हा ठाणे अंमलदाराने सवयीने मिसिंग दाखल केली आणि त्यांच्यासाठी चहा मागवला. बाईंनी कपाला हातही लावला नाही.

त्यांचे यजमान सत्तरीचे, निवृत्त प्राध्यापक. तरुणपणी हिमालयातल्या एका मोहिमेत होते. त्यांना दोनच वेडं होती, डोंगर आणि जुनी घड्याळं. घड्याळंसुद्धा साधीसुधी नव्हेत. शोधमोहिमांवर निघालेल्या लोकांनी बर्फात, समुद्रात, वाळवंटात हातावर बांधलेली. आतलं वंगण गोठवणाऱ्या थंडीत चाललेली, जाड कोटाच्या बाहीवरून बांधायला लांब पट्ट्याची. त्यांच्या स्वतःच्या मनगटावर असायचं ते त्यांच्या मोहिमेच्या नेत्याचं घड्याळ. शिखरावरून खाली आल्यावर नेत्याने हातातलं काढून यांच्या हातावर बांधलं होतं, मागे मोहिमेचं नाव कोरलेलं.

"मी किती वेळा म्हटलं, कपाटात ठेवा हो," बाई म्हणाल्या. "ऐकतील तर शपथ. डोंगरातली वस्तू डोंगरातच फिरली पाहिजे म्हणे."

आम्ही शोध सुरू केला. वनखात्याची माणसं, गावकरी, संगमनेरहून आलेली गिर्यारोहकांची पोरं, सगळे लागले. परतीचा पाऊस तोंडावर होता, रोज दुपारी आभाळ भरून यायचं. पावसाळ्यात तिकडच्या घळी पर्यटकांना बंद असतात. म्हणून प्राध्यापकांसोबत वाट दाखवायला कोण गेलं, हे एकही गावकरी सांगेना. ज्याला त्याला आपल्यावर केस होईल याची धास्ती. सोमवारही असाच गेला.

मंगळवारी सकाळी खबऱ्याचा फोन आला. एसटी स्टँडजवळ त्याची चहाची गाडी होती. "सायेब, एकजण येऊन बसलाय. फडक्यात भारीतलं घड्याळ बांधलेलं हाय, सारखं सोडून बघतोय. चहा सांगितला आन् तसाच ठिवलाय."

त्याला आणला. पस्तिशीचा, काटक माणूस. हिरडा गोळा करायचा आणि पर्यटकांना वाटा दाखवायचा. लॉजवरून बोलावून घेतलेल्या बाईंनी घड्याळाच्या मागचं कोरीव नाव वाचलं आणि भिंतीला धरून खाली बसल्या.

"वढ्यात घावलं सायेब," तो म्हणाला. "शनवारीच घावलं. घरी दाण्याच्या कणगीत ठिवलं हुतं, आज भाईर काढलं."

"आणि सर कुठायत?"

"मी न्हाई पाह्यलं कुनाला."

माझा फौजदार तरुण आणि तापट. "साहेब, ह्यानेच ढकललंय. अर्धा तास माझ्याकडे द्या." हे ऐकताच त्या माणसाने दोन्ही हात डोक्यावर घेतले. खोटं बोलणारा माणूस डोळे चुकवतो असं लोक म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. खोटं बोलणारा तुमच्याकडे बघतच राहतो, पटतंय की नाही ते चाचपत. हा माझ्याकडे बघतच होता.

आमच्या पद्धतीप्रमाणे मी जप्तीचा पंचनामा लिहून घ्यायला लागलो. त्यात वस्तूची स्थिती नोंदवावीच लागते. मी सांगितलं, "मनगटी घड्याळ, जुनं, पट्टा शाबूत, चालू स्थितीत, दाखवत असलेली वेळ ठाण्यातल्या घड्याळाशी जुळती."

बाईंनी एकदम मान वर केली. "चालू आहे?"

"चालू आहे."

"मग हा खोटं बोलतोय. त्याला सेल नाही. हात हलला की ते चालतं. काढून ठेवलं की फार तर दीड दिवस. पुन्हा हलवलं तर चालू होईल, पण वेळ मागे पडलेली असेल. शनिवारपासून कणगीत असतं तर बरोबर वेळ कशी दाखवेल?" त्या उठून टेबलापाशी आल्या. "साहेब, हे कालपरवापर्यंत कुणाच्या तरी हातावर होतं. ते जिवंत आहेत हो!"

मला आनंद व्हायला हवा होता. झाली ती भीती. माणूस जिवंत आहे, कुठे आहे ते फक्त याला ठाऊक आहे, आणि हा बोलत नाही. खिडकीतून डोंगरमाथ्यावर काळं दाटलेलं दिसत होतं. मारलं असतं तर तो बोललाही असता, पण मार खाणारा माणूस सुटण्यासाठी वाटेल ती घळ दाखवतो. चुकीच्या घळीत उतरलो असतो तर तोवर खऱ्या घळीत पाणी भरलं असतं.

मी फौजदाराला बाहेर पाठवलं. मी, बाई आणि त्याच डोंगरातला एक हवालदार, एवढेच थांबलो. हवालदाराने विचारलं, "जेवला का रं?" त्याने मान खाली घातली. मग बाई त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"दादा, हे घड्याळ ते कुणाला ओढून नेऊ द्यायचे नाहीत. त्यांनीच दिलं असणार तुम्हाला. देताना काय म्हणाले?"

तो ढसाढसा रडायला लागला. "म्हनले, बाईला दाव. ती वळखंल, मंग तिला इस्वास बसंल. आन् पोलिसांना सांगू नगं असं काय म्हनले न्हाईत, त्ये माझंच भ्या."

बंद घळीत त्यानेच त्यांना नेलं होतं. घसरून सरांचा पाय मोडला, मोबाईल पाण्यात गेला. त्याने त्यांना पाठीवर घेऊन वरच्या कपारीत टेकवलं. खाली नेणं किंवा वर आणणं एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं. रोज भाकरी आणि पाणी घेऊन तो घळीत उतरत होता. मंगळवारी पहाटे सरांनी घड्याळ दिलं. तो बाईंच्या लॉजपर्यंत आला, दारात आमची गाडी दिसली आणि तसाच मागे फिरला.

"का रे बाबा?"

"मागं दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत दरीत मढं दिसलं हुतं, सायेब. मी सांगाया गेल्तो. मलाच बसवलं. समदे इचारायचे, तूच ढकललं ना. लई मारलं."

पुढचं सगळं धावपळीत झालं. रस्ता संपला तिथं गाड्या सोडल्या आणि दोर घेऊन उतरलो. तो पुढे, आम्ही मागे. वरच्या अंगाला पाऊस लागला होता, घळीतलं पाणी गढूळ होत चाललं होतं. मी घाबरलो होतो, हे सांगायला मला लाज नाही. कपारीत प्राध्यापक तापाने फणफणलेले पडले होते, पाणी त्यांच्या पायांपासून हातभर खाली. माझी वर्दी दिसताच ते उठायला धडपडले.

"त्याला मारलं नाहीत ना?"

माझ्या मागून आवाज आला, "न्हाई सर, मी हितंच हाय."

आम्ही त्यांना वर आणलं आणि थोड्याच वेळात घळ दुथडी भरून वाहायला लागली. प्राध्यापक वाचले. पायात सळई पडली, डोंगर सुटला.

गुन्हेगाराला पोलिसाची जरब वाटली पाहिजे, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. ते बरोबरच आहे. पण ती जरब आम्ही सरसकट वाटत सुटतो, आणि मग एखादा माणूस मदत मागायची म्हटलं तर आमचं दार सोडून दुसऱ्या सगळ्या दिशांना पळतो. त्या दिवशी त्यामुळे एक जीव जाता जाता राहिला. त्यानंतर माझ्या ठाण्यात खबर घेऊन येणाऱ्याला आधी खुर्ची द्यायची, असा नियम मी केला.

संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "चल, घरी सोडतो, पुढे बस." तो गाडीकडे बघून म्हणाला, "न्हाई सायेब, मी जातो चालत." मग मीही उतरलो आणि त्याच्या वस्तीपर्यंत त्याच्यासोबत चालत गेलो. त्याची बायको दारातच होती. नवऱ्याशेजारी वर्दी दिसल्याबरोबर ती पळत आली आणि माझे पाय धरून रडायला लागली, "सायेब, त्यांनी काय केलं न्हाई वो, सोडा त्यांना!"

मी आभार मानायला आलोय, हे तिला पटायला फार वेळ लागला.