सणसरहून सोमालियाला

माझ्या चुलतसासऱ्यांइतका अस्वस्थ माणूस उभ्या इंदापूर तालुक्यात झाला नसेल. ते खाटेवर बसलेत असं मी म्हणतो, तेव्हाही ते निम्मे उठलेलेच असत. सणसरला गेलं की हे तात्या रेडिओ बगलेत धरून ओट्यापासून गोठ्यापर्यंत येरझारा घालताना दिसायचे. उसाला दारं धरायला जातानाही रेडिओ बरोबर. बातम्या लागल्या की पाट फिरवायचा राहून जाई आणि पाणी शेजाऱ्याच्या रानात शिरे. शेजाऱ्याची अर्थात तक्रार नव्हती.

याला कारणही तसंच होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा, आमचा संपत, फौजेत होता आणि संयुक्त राष्ट्रसंघाची निळी टोपी घालून सोमालियाला गेला होता. तिकडे दुष्काळ, त्यात टोळ्यांची मारामारी. देशोदेशीचं धान्य मोगादिशूच्या बंदरात येऊन पडे, पण उपाशी माणसांपर्यंत पोचत नसे. त्या धान्याच्या गाड्यांची राखण हे संपतचं काम. मुलाची काळजी तात्या कधी बोलून दाखवत नसत, राग सगळा बातम्यांत नुसती चिंता व्यक्त करणाऱ्या आणि ठरावांवर ठराव करणाऱ्या राजदूतांवर निघे.

"चिंता वाटती म्हणं समद्यास्नी," ते मला म्हणाले. "वाटती तर उठा की, पाव्हणं. आपल्यात कुणाकडं मयत झालं तर त्या घरी चूल पेटत न्हाय. मग भावकी काय ठराव करत बसती? पिठलं-भाकरी घिऊन जाती."

एवढं बोलून गप्प बसले तर ते तात्या कसले! त्यांनी घरोघर फिरून ज्वारी गोळा केली, ट्रॉलीत भरली, मला पोत्यांवर बसवलं आणि भिगवण स्टेशन गाठलं. पार्सलबाबूंनी विचारलं, "कुठं पाठवायची?"

"मोगादिशूला."

बाबू सज्जन. त्यांनी दरपत्रक खरोखर चाळून पाहिलं आणि मुंबईच्या पुढं आपली गाडी जात नाही, असं नम्रपणे सांगितलं.

"मुंबईपातूर न्या. फुडं बोटी हायत की," तात्या म्हणाले.

बराच वेळ वाटाघाटी चालल्या आणि फिसकटल्या. मला वाटलं, आता पोती घरी. पण दुःखाच्या घरासाठी काढलेलं अन्न तात्या काही केल्या परत घरात नेईनात. शेवटी वाटेत ऊसतोड कामगारांच्या पाचटाच्या कोप्यांवर ज्वारी वाटून टाकली. तिथल्या एका बाईनं विचारलं, "कोण गेलं वो?"

"लांबच्या भावकीत," तात्या म्हणाले आणि चालू लागले.

पुढे संपत सुखरूप परत आला. त्याला उतरवून घ्यायला आम्ही बारामतीच्या स्टँडवर गेलो. तात्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, दंड चाचपले, डोळे पुसले आणि पहिलाच प्रश्न केला, "मिटलं का तितलं?"

"न्हाय, तात्या. एकेक देश माणसं माघारी न्यायला लागलाय. आमालाबी निघा म्हणले."

"मग त्या धान्याच्या गाड्या आता कोण राखणार?"

 तात्यांनी संपतची जड ट्रंक उचलली, तो नको नको म्हणत असताना. काही पावलं गेल्यावर ते थांबले.

"बरं झालं आलास," ते हळूच म्हणाले. "पर बरं झालं म्हणायची लाज वाटती रं."