शेठजी जेवायला गेले की उशिरा वाजणारी घंटा

"तुमच्या प्रोग्रामनं चोर पकडला! या बघायला," सावद्याच्या शेठजींचा फोन. मी जळगावहून निघालो तो सत्काराला निघाल्यासारखा. शर्टसुद्धा इस्त्रीचा.

चोर म्हणजे कामचोर, आणि तो कामचोर म्हणजे नाना. साठीचे, धुळ्याकडच्या खेड्यातले. शेठजींच्या केळी पिकवायच्या खोल्या तेच सांभाळायचे. खोलीतली हवा तापली की बाहेर घंटा वाजायची आणि नानांनी उठून हवा सोडायची झडप उघडायची. उशीर झाला तर केळी मऊ पडतात. घंटा वाजवणारा माझा प्रोग्राम. खोल्यांतल्या तापमापकांचे निरोप केबलवरून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर येतात. तिथे जे जे येतं-जातं ते सगळं हा प्रोग्राम भिंतीला कान लावून ऐकतो आणि त्यातले आपल्या कामाचे निरोप वेचतो. जुन्या विंडोजवर त्यानं बिनतक्रार काम केलं. तो कॉम्प्युटर जळाला तेव्हा "आता लिनक्स, शेठजी!" असं मीच छाती काढून म्हणालो आणि आठवडाभर खपून प्रोग्रामचं बिऱ्हाड तिकडे हलवलं.

शेठजींनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "वाचा. हवा तापल्याचा निरोप आला एक दहाला. झडप उघडली एक एकवीसला. अकरा मिनिटं! आणि हे कधी? मी जेवायला घरी गेलो की. मी इथं बसून कॅमेरे बघत असलो की हेच नाना मिनिटात हजर. सोमवारपासून ते गेटवर बसतील. झडपांना दुसरा माणूस."

नाना दारातच उभे होते. "मी झोपेल नव्हतू, भाऊ. घंटी वाजनी का मी उठनू."

"मग मशीन खोटं बोलतं?"

"मशीनले पोट नही, शेठजी. माले शे. मी कशाले झोपू?"

खरं सांगतो, मला नानांपेक्षा माझ्या प्रोग्रामचं जास्त कौतुक वाटत होतं. तरी तपासायला बसलो. नव्या घरी नेटवर्क कार्डाचं नाव बदलतं, ते बरोबर होतं. ऐकण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते, ती होती. एकही निरोप गहाळ नव्हता. म्हणजे नाना झोपतच असणार? पण एक गोष्ट दाताखालच्या खड्यासारखी लागत होती. कॅमेरे चालू असले की कॉम्प्युटरवर कामाचा डोंगर, आणि त्या वेळी सगळं वेळेवर. शेठजी जेवायला जाताना कॅमेरे बंद करून जातात, तेव्हा कॉम्प्युटर निवांत, तर उशीर. नाना मालकाच्या नजरेला घाबरतात म्हणावं, तर त्यांना खोल्यांपाशी बसून कसं कळणार की आत कॅमेरे कोण बघतंय?

डोकं चालेना, म्हणून परतीची काळी-पिवळी धरली. जीप रिकामीच. "दोन-चार सीट भरू द्या, भाऊ, निघालोच," ड्रायव्हर म्हणाला आणि चहाला गेला. वीस मिनिटं घामाच्या धारा. एक म्हातारी आली, मग एक कोंबडीवाला. जीप जागची हलेना. तेवढ्यात लग्नाला निघालेली आठ माणसं एकदम चढली, त्यातली दोन जवळजवळ माझ्याच मांडीवर, आणि ड्रायव्हरनं त्या क्षणी गाडी काढली.

"थांबवा!" मी ओरडलो.

"आता? आता तर भरली!"

"म्हणूनच!"

लिनक्स माझ्या प्रोग्रामला एकेक निरोप हातात देत नव्हतं. निरोप जीपमध्ये बसवायचं आणि जीप भरली की सोडायचं. फार तर किती वेळ थांबायचं हे प्रोग्रामनं सांगायचं असतं, आणि मी ते कधी सांगितलंच नव्हतं. जुन्या घरी त्यावाचून अडलं नाही. इथे कॅमेऱ्यांची चित्रं म्हणजे लग्नाचं वऱ्हाड, क्षणात गाडी भरते. शेठजी कॅमेरे बंद करून जेवायला गेले की उरतात तापमापकांचे बारीक निरोप, म्हातारी आणि कोंबडीवाला. आणि निरोप जीपमध्ये चढतो त्या क्षणाचीच वेळ स्क्रीनवर दिसते. घंटा कधी वाजली ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

हे शेठजींना नुसतं सांगण्यात काय मजा? जीपमधून उतरून परत आलो आणि त्यांना नानांच्या स्टुलावर, घंटेखाली बसवलं. कॅमेरे बंद केले. एका रिकाम्या खोलीत जाऊन तापमापकाला गरम चहाचा ग्लास टेकवला आणि बाहेर येऊन सांगितलं, "शेठजी, हवा तापली. घंटा वाजली की उठायचं."

शेठजी घंटेकडे बघत बसले. एक मिनिट. तीन. नानांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरलेलं. पाच मिनिटं झाली.

नाना वाकून हळूच म्हणाले, "शेठजी, झोपी गयात का?"

मी ऑफिसात जाऊन कॅमेरे लावले. घंटा अशी दणाणली की शेठजी स्टुलासकट सरकले.

त्याच दुपारी प्रोग्रामला बजावलं, सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त थांबायचं नाही. घंटेच्या वेळेचा एक रकानाही वाढवला. शेठजी खोल्यांच्या किल्ल्या नानांच्या हातात देत म्हणाले, "मग सोमवारी गेटवर कोण बसणार?"

नानांनी माझ्याकडे बोट केलं. "या भाऊले बसाडा."