दाताच्या मुळाचं टोक कशानं कापावं

लग्नाच्या बँडमध्ये मी क्लॅरिनेट वाजवतो. वाद्याचं तोंड वरच्या पुढच्या दातावर टेकतं. तो दात गेला की सूर गेला, आणि आमचं घर सुरावरच चालतं. त्याच दाताचं रूट कॅनल नांदेडात दोनदा झालं, तरी हिरडीवरचा पुवाचा फोड काही जाईना.

"आता हिरडी उघडून मुळाचं टोक कापावं लागेल," नांदेडचे डॉक्टर म्हणाले. कशानं, असं विचारलं तर त्यांनी बारीक ड्रिल दाखवलं. लेझरनंही कापतात, पण वेळ लागतो, हाड तापायची भीती असते; ड्रिलनं काप कसा सपाट येतो, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. यांच्याकडे लेझर नाही, म्हणून तर ते वाईट नसेल?

लातूर गाठलं. तिथले डॉक्टर तरुण. ड्रिलनं दात हादरतो, मुळाला बारीक चिरा जाऊ शकतात, लेझरनं हादरा नाही, असं ते म्हणाले. मशीन कोपऱ्यात होतं आणि त्यावरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. म्हणजे हात माझ्यावरच बसवणार!

"यानं किती जणांचे दात कापले?" मी सरळ विचारलं.

ते हसले. काप तिरका न जाता आडवा गेला पाहिजे, कापलेल्या टोकाचं भोक नीट बुजलं पाहिजे, हेच खरं महत्त्वाचं, असं समजावू लागले. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र दिलं नाही.

परतताना एसटीत बायको वैतागली. "तुमचा तर कुनावरच भरोसा न्हाई. दात काय आपोआप बरा होऊन राहिला का?"

शेवटी लातूरच ठरवलं, तेही हादऱ्याच्या भीतीनं. खुर्चीत बधीर तोंडानं पडलो, तरी माझा डोळा मशीनवरच. डॉक्टरांनी हिरडी उघडली, मुळाला निळं औषध लावलं आणि भिंगातून बराच वेळ पाहत राहिले. मशीन चालूच करेनात. मला वाटलं, चालवता येत नसणार.

"काका, मूळ उभं तडकलंय, टोकापासून पार खालपर्यंत. आता ड्रिल काय नि लेझर काय, कापून उपयोग नाही. दात काढावा लागेल."

त्यांनी आरसा धरला. हा माणूस खोटं बोलत असला तर किती बरं, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटलं. पण तड्यात मुरलेल्या औषधाची ती निळी रेघ मला चष्म्याशिवायही दिसत होती.