ब्रिज कोर्सच्या डोमेन मॅडम

डोमेन मॅडमना कोणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं, की त्या नुसती मान हलवायच्या आणि फळ्याकडे वळून विचारायच्या, "डोमेन काय?" फळ्यावर फंक्शन लिहिल्या लिहिल्या कोणी सोडवायला धावलेलं त्यांना खपत नसे. त्यात कोणते आकडे चालतात आणि कोणते नाहीत, ते आधी सांगायचं. "कोणाला आत घ्यायचं ते दारातच ठरवा. आत आल्यावर हाकलणं वाईट दिसतं," असं त्यांचं म्हणणं. हे नाव मुलांनी ठेवलेलं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्यांचं खरं नाव मात्र आमच्यातल्या कित्येकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आम्ही म्हणजे बारावीला गणित न घेता कॉम्प्युटरच्या पदवीला आलेली मंडळी. मी सटाण्याला कॉमर्स करून नाशिकला आले होते. दुसऱ्या सत्रात कॅल्क्युलस होतं आणि तोवर आम्हाला माणसांत आणायला कॉलेजने सकाळचा ब्रिज कोर्स ठेवला होता. बीजगणित, आलेख, त्रिकोणमिती, सगळं कॅल्क्युलसच्या उंबरठ्यापर्यंत. उंबरठ्याच्या आतलं शिकवणार कायम नोकरीतले सर. मॅडम तासिका तत्त्वावरच्या, रोज सिन्नरहून एसटीने यायच्या. कोर्सला मार्क नाहीत, हजेरीची सक्ती नाही. मग काय, पोरं भराभर गळाली. "मुलं नाही आली तर कोर्स बंद होईल, आणि कोर्स बंद तर मॅडमचे तासही बंद," हे मला शिपाईकाकांनी सांगितलं. मॅडम त्याबद्दल कधी अवाक्षर बोलल्या नाहीत.

दिवाळीच्या आधीच वर्गात मी एकटी उरले. तरी मॅडमची सुरुवात "मुलांनो, इकडे लक्ष द्या" अशीच. मला आधी हसू यायचं, मग यायचं बंद झालं. प्रश्न विचारून त्या सगळ्या बाकांवरून नजर फिरवायच्या आणि मगच माझ्याकडे बघायच्या. बाकीच्यांना आलं नाही म्हणून माझी पाळी आली, असा एकूण थाट.

एकदा फळ्यावर x² = 5x होतं. मी दोन्हीकडचा x झटक्यात उडवला आणि उत्तर पाच लिहून ऐटीत उभी राहिले.

"दुसरं उत्तर कुठे गेलं?"

"दुसरं?"

"शून्य. तू x ने भागलंस. तो शून्य असला तर भागता येतं का? त्याला न विचारताच काढून टाकलंस." मग हाताला लागलेला खडू झटकत म्हणाल्या, "शून्य गेलं तर कोणी तक्रारसुद्धा करत नाही बघ. पाच मिळालं की सगळे खूश."

संध्याकाळी होस्टेलच्या खोलीत मला त्या शून्याचंच वाईट वाटत राहिलं.

स्टाफरूममधल्या खुर्च्या कायमवाल्यांच्या, त्यामुळे मॅडम डबा रिकाम्या वर्गात खायच्या. मीही तिथेच खायची. पदवीच्या वर्गातल्या बाकीच्या मुली आपसांत इंग्रजीत बोलायच्या, आणि मी तोंड उघडलं की एकमेकींकडे बघायच्या. मॅडम पहिल्या बाकावर, मी शेवटच्या. बरेच दिवस आम्ही स्टँडवरच्या अनोळखी बायकांसारख्या जेवलो. मग एकदा मागे न वळताच त्या म्हणाल्या, "ठेचा आहे. खाशील?" मी डबा उचलून पुढे गेले. फोनवर आई नेहमी अहिराणीत विचारायची, "बठ्ठं बरं शे ना?" मी नेहमी हो, सगळं बरं आहे म्हणायची. त्या दिवशी पहिल्यांदा ते खरं होतं.

एका सोमवारी घरून येताना माझी एसटी वाटेतच बंद पडली. धापा टाकत वर्गात पोचले तेव्हा तास संपला होता आणि फळा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेला होता. साइनचा आलेख, त्याखाली उदाहरणं, नेहमीच्या चुकांभोवती गोल.

"कोण आलं होतं मॅडम?"

"कोणी नाही."

"मग?"

"तास माझा होता. घेतला." त्यांनी डस्टर उचललं आणि परत ठेवलं. "तू वाटेत असशील असं वाटलं. थांब, पुसत नाही. उतरवून घे आधी."

मी उतरवून घेतलं. मला रडू येत होतं, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी मान खालीच ठेवली.

दुसऱ्या सत्रात सर आले. ते भरभर शिकवायचे, पण मला कळायचं. कॅल्क्युलसमध्ये मी चांगली पास झाले. पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात ब्रिज कोर्स नव्हता. ऑफिसात विचारलं तर म्हणाले, "मुलंच येत नाहीत, चालवायचा कोणासाठी?" मॅडमना निरोप द्यायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

मी फोन केला. मागे कुकरची शिट्टी होत होती.

"आता कुठे शिकवता मॅडम?"

"सध्या कुठे नाही." मग आवाज एकदम बदलला. "का गं, तुला काही अडलंय का?"

मला काहीच अडलं नव्हतं. कॅल्क्युलसमधला चेन रूल तर मी झोपेतही सांगितला असता. मी म्हटलं, "हो ना मॅडम. तो चेन रूल काही केल्या डोक्यात शिरत नाही."

गॅस बंद केल्याचा आवाज आला, खुर्ची ओढल्याचा आला. मॅडमना कॅल्क्युलस शिकवताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. इतकं छान मला ते कोणीच शिकवलं नव्हतं. त्या शिकवत गेल्या आणि मी मधूनमधून मुद्दाम चुकत गेले.

तेव्हापासून दर रविवारी माझं काहीतरी अडतं.