नव्या जोडाला आधार

आमच्या ह्यांनी ओझरच्या कारखान्यात तीस वर्षं पाईप जोडले. त्यामुळे पाईपातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, अशी त्यांची ठाम समजूत. दोन्ही किडन्या गेल्यावर डॉक्टरांनी त्यांच्या डाव्या मनगटाजवळ एक शीर धमनीला जोडली. धमनीतलं जोरकस रक्त आत आलं की शिरेच्या अस्तरातल्या पेशींना तो रेटा जाणवतो आणि शीर हळूहळू रुंद, जाड होते. दीड महिन्यात तिथूनच डायलिसिस करू, तोवर रबरी चेंडू दाबत राहा, असं त्यांनी नीट समजावलं. सध्या डायलिसिस मानेतल्या नळीतून चाललं होतं. त्या नळीने दोनदा इन्फेक्शन होऊन जिवावर बेतलं होतं, म्हणून ती लवकर निघायला हवी होती.

"पाईप कधी आपणहून मोठा होतो का?" घरी आल्या आल्या हे म्हणाले. "आणि नव्या जोडावर लोड द्यायचा नसतो."

"तुमच्या हातात पाईप नाही, जिवंत शीर आहे."

पालथ्या घड्यावर पाणी. मी चेंडू हातात द्यायची, पाठ वळली की तो फ्रिजवर. विचारलं की, "केलं की." माझं डोकंच फिरायचं. ऐन उन्हाळ्यात फुल बाह्यांचे शर्ट घालायला लागले. म्हटलं, घाला बापडे. डायलिसिसवाल्यांचं काम मानेशी, हात कुणी बघितलाच नाही.

पंधरा दिवसांनी तपासणीला डॉक्टरांनी बाही वर सारली, तर जोडावर करकचून गुंडाळलेलं क्रेप बँडेज.

"आधार दिला होता," हे म्हणाले.

डॉक्टरांनी ते सोडून बोट ठेवलं. तिथे थरथर लागायला हवी होती. काहीच लागेना.

"रक्ताचा रेटाच पोचू दिला नाहीत, काका. शीर बंद झाली."

आता कोपराच्या वर नवं ऑपरेशन, आणि मानेत तीच नळी.

रिक्षात द्वारका चौक येईपर्यंत मी एकटीच बोलत होते. हे बाहेर बघत होते. मग म्हणाले, "कारखान्यात नवा जोड फुटलेला पाहिलाय मी. घरात हा फुटला असता तर? तू एकटी असतेस. रक्त बघून तुला चक्कर येते."

पंधरा दिवस मी त्या चेंडूवरून भांडत होते. भीती वाटते का, एवढं मात्र एकदाही विचारलं नव्हतं.