गोडं की खारं?

पेणला रामवाडीत एसटीतून उतरले तेव्हाच उशीर झाला होता. मी जलरंगात देशोदेशीचे देखावे काढते. नॉर्वेचे कडे, जपानचे डोंगर, मोरोक्कोची वाळू, सगळं पुण्यात बसून, फोटो बघून! आईची रोह्याची मैत्रीण दीनामावशी ते बघून म्हणाली होती, "सगळी दुनिया फिरलीस गो, माझी खाडी तेवढी राहिली." मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. जन्म पेणच्या खाडीकाठचा. त्याच संध्याकाळी मुलगा एझ्रा तिला कायमची इस्राएलला नेणार होता. त्याआधी तिची खाडी तिच्या हातात द्यायचं मी कबूल केलं होतं, आणि सवयीप्रमाणे शेवटच्या दिवसावर ढकललं होतं.

रिक्षानं मिठागरापाशी सोडलं. बांधावर बैठक मारली, कागद मांडला आणि धक्का लागून पाण्याची बाटली लवंडली. झालं! पलीकडे मीठ ओढणाऱ्या बाईंना हाक मारली, "ताई, थोडं पाणी द्याल का?"

"गोडं की खारं?"

मला वाटलं, सरबताचं विचारतायत. "गोड नको हो!"

"म्हंजे खारंच?"

ऐकलं न ऐकलं करून मी मान हलवली. डबाभर पाणी आलं. आभाळ झालं, खाडी झाली. वारा तोंडावर येत होता, हात असा मोकळा कधी चालला नव्हता. मग कुंचल्याचं टोक ओठांनी जुळवलं (माझी जुनी वाईट खोड), आणि तोंड खारटढाण झालं.

"अहो, हे खाडीचं पाणी!"

"तूच बोललीस ना, गोडं नको? पियाच्या पान्याला आम्ही गोडं बोलतो, बाय."

कपाळ माझं! मिठाच्या पाण्यातला रंग नीट वाळत नाही, फुटतो. आभाळावर पांढरे ठिपके उमटलेच होते. दुसरा कागद होता, वेळ नव्हता. बिचाऱ्या बाईंनी तांदळाची भाकरी आणि सुकट (सुकी कोळंबी) पुढे केली, पण मी घाईघाईनं सामान आवरायला लागले.

ओलं चित्र मांडीवर आडवं धरून रोह्याच्या एसटीत बसले. वडखळला गाड्या खोळंबलेल्या, पुढे खांब गावाजवळ पुन्हा तेच. "काय मॅडम, पापड वाळवताय काय?" कंडक्टरनं विचारलं. मला हसू आलं नाही. तेवढ्यात एझ्राचा फोन, "ताई, लवकर या. आई गाडीत बसायला तयार नाय."

रोह्याला पोचले तर सामान गाडीत, मावशी उंबऱ्यावर. पुढ्यात मलिद्याची (नवसाचे गूळ-खोबऱ्याचे पोहे) थाळी तशीच. "आई, विमान थांबणार नाय," एझ्रा अगदी काकुळतीला आला होता.

मी चित्र पुढे केलं. "मावशी, बिघडलंय गं. खाडीचं पाणी वापरलं गेलं. वाळतच नाही."

तिनं आभाळावर बोट टेकवलं आणि जिभेला लावलं. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. मावशीचे डोळे भरले.

"एझ्रा, हे सामानात नाय टाकायचं. माझ्या मांडीवर राहील." आणि ती उठून गाडीत बसली. दार लावता लावता म्हणाली, "जन्मभर तिथं गोडंच पाणी पियाचं हाय गो. येवढं खारं असू दे."

पुण्याला परतले. भिंतीवरचे माझे सगळे देश खडखडीत वाळलेले आहेत, आणि एकाचीही चव मला ठाऊक नाही. परवा एझ्राचा फोन आला. "इकडे हवा दमट झाली की चित्र ओलं होतं. काच बसवून घेऊ का?"

मागून मावशी ओरडली, "काच नको! मग बोट कुठं लावू?"